दारात अडवलेलं कोडं

नणंदेनं दोन्ही हात चौकटीला लावून वाट अडवली. "कोडं सोडवा, मगच नवी वहिनी आत! सगळ्यांआधी घरभर फिरते, मग दाराआड जाऊन बसते. कोण?"

"केरसुणी," नवरीची पाठराखीण म्हणून आलेली गोदाआत्या म्हणाली.

वरमाय फणकारली, "विधवेचं उत्तर शुभकार्यात चालत नाही."

आत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बरं, मग माझं कोडं सोडवा. नवरा गेला तेव्हा लोकांनी माझं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, मंगळसूत्र तोडलं. एक गोष्ट मात्र कुणाला काढून घेता आली नाही. कोणती?"



"डोकं!" नवरीनं आत्याचा हात घट्ट धरला. "आधी आत्या आत येईल, मग मी माप ओलांडेन."