पाठ की पोट

रविवारी सकाळी शुभदा गच्चीवर विमानाचा पंख धरून उभी होती. पंख तिच्याहून उंच होता आणि संजीव म्हणतो तेवढा हलका मुळीच नव्हता. संजीव, तिचा नवरा, कॉलनीमागच्या मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला उभा होता. दोघांचेही फोन चालू, कानांत इअरफोन.

"कुठलीही बाजू दाखव," तो म्हणाला. "सांगू नको. मीच सांगतो."

हे विमान त्यानं दोन हिवाळे खपून बांधलं होतं. पेट्रोलचं इंजिन, खालून रिमोटनं उडवायचं. गेला महिनाभर घरात घासणं, प्रायमर, पुन्हा घासणं आणि रंगाचा वास एवढंच चाललं होतं. पाठ पांढरी, पोटावर पट्टे. हे पट्टे शोभेचे नसतात. वर गेलेलं विमान खालून नुसतं काळं दिसतं. आपल्याकडे त्याची पाठ आहे की पोट, हे कळलं नाही तर वर न्यायला म्हणून ओढलेली रिमोटची दांडी त्याला सरळ जमिनीत घालते. आणि पुढच्या रविवारी ते गौतमपुऱ्याकडच्या माळावर उडायचं होतं. तिथे विमान बघायला आसपासच्या गावांतली पोरंसोरं येऊन बसतात.

आधी पट्टे लाल होते. दिसत नाहीत म्हणून रुंद केले. मग काळी किनार आली. मग सियागंजच्या बाजारातून भडक नारिंगी आला, आणि विमान रेल्वेच्या फाटकासारखं दिसायला लागलं. दर वेळी चूक रंगाची होती, नाहीतर उन्हाची, नाहीतर दुकानदाराची. डोळ्यांचं नाव घरात कोणी काढत नव्हतं. शुभदानंही काढलं नव्हतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

तिनं पोट दाखवलं.

"पोट," संजीव म्हणाला.

"बरोबर." तिचा जीव भांड्यात पडला.

तिनं पंख पलटला. आता त्याच्याकडे पांढरी पाठ होती.

"पोट."

आपलंच काही चुकलं असेल म्हणून शुभदानं पंखाकडे नीट पाहिलं. चुकलं नव्हतं. तिनं झटकन पंख फिरवून पट्टे त्याच्याकडे केले. "बरोबर," ती म्हणाली. पट्टे आता समोर होते, तेव्हा अगदीच खोटं नव्हतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

तिसऱ्यांदा पुन्हा पाठ. पुन्हा "पोट". पुन्हा तिनं पंख फिरवला.

"बरोबर. अहो, अब बस करा ना. हात भरून आले माझे."

"येतो वर," संजीव म्हणाला.

तो येईपर्यंत शुभदानं पंख जुन्या चादरीवर पोट वर करून ठेवला. तो आला की सांगायचंच, तिनं ठरवलं. तुम्हाला दिसत नाही, एवढंच तर म्हणायचं होतं. पण तो जिना चढून समोर आला आणि तिला तोंड उघडवेना.

संजीव पंखाशी बसला. नारिंगी पट्ट्यावरून त्यानं हात फिरवला.

"तीनों बार बरोबर?"

"हो ना."

"मी तिन्ही वेळा पोटच म्हणालो, शुभदा. मला तर तिथून गच्चीपण दिसत नव्हती. देखना था, तू काय म्हणतेस."

शुभदाला रडू फुटलं. "मला वाटलं, तुमचं मन..."

"और विमान किसी के बच्चे के डोक्यात घुसलं असतं, मग?"

तो रागावला नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"पांढरा उरलाय ना?" त्यानं विचारलं.

"आहे डब्यात थोडा. कशाला?"

"दे. विमान आता बैठकीतच टांगायचं, तर पट्टे काय करायचे?"

वजन वाढतं म्हणून आजवर त्यानं रंगाचे हात स्प्रेनं, धुक्याइतके पातळ दिले होते. आता त्यानं भिंतीचा रुंद ब्रश घेतला, डब्यात बुडवला आणि निथळूही न देता पट्ट्यावर टेकवला. रंगाचे ओघळ पंखाच्या कडेवरून चादरीवर उतरले. त्यानं ते पुसले नाहीत. शुभदा डोळे पुसत शेजारी बसून राहिली.

"कुठे राहिलं तर सांग," तो म्हणाला. "और अब खरं सांग."

पांढऱ्याखालून नारिंगी वर येत होता.

"दिसतंय अजून?"

"दिसतंय," शुभदा म्हणाली.

त्यानं ब्रश पुन्हा बुडवला.