आत्मारामचा दहावा

वंशवृक्षाचा कागद आत्मारामने टेबलावर पसरला. सटवाजीपासून बोट खाली खाली आणत तो स्वतःच्या नावापाशी थांबला. नावाआधी 'कै.' लिहिलेलं होतं.

समोर बसलेल्या उपेंद्रला तोंड कुठे लपवावं ते कळेना. ते 'कै.' त्यानेच लिहिलं होतं, तेही चांगल्या वळणदार अक्षरात.

उपेंद्रचा शारजात मसाल्यांचा घाऊक धंदा, अल मजाजला तळ्याकाठी फ्लॅट, मुलं घरात इंग्रजी बोलणारी, आणि साहेबांना चाळिशीत घराण्याच्या इतिहासाचं खूळ लागलं होतं. पणजोबा सटवाजी दुष्काळी मुलूख सोडून आला आणि कुणी फिरकत नव्हतं त्या बाभळीच्या रानात त्याने पहिला नांगर घातला, याचं पुस्तक करायचं होतं. त्यासाठी जुने उतारे, फेरफार, नाशिकच्या उपाध्यांच्या वह्यांमधली पानं कुरिअरने मागवणं चालू होतं. तिथल्या मराठी मंडळाच्या पत्रकातही त्याने छापलं, खरमाटे घराण्याची माहिती असलेल्यांनी फोन करावा. फोन आला एकच, अबुधाबीजवळच्या मुसफ्फातून. घोगऱ्या आवाजाच्या माणसाने नाव सांगितलं नाही. सटवाजीने खणलेल्या विहिरीचं सांगतो, शुक्रवारी या, एवढंच म्हणाला. उपेंद्र फाईल काखोटीला मारून मोठ्या हौसेने आला, तर वर्कशॉपमागच्या कॅफेटेरियात त्याचा हरवलेला चुलतभाऊ खोकत बसलेला.

कंपनी बुडाली, पासपोर्ट मालकाकडे अडकला, तेव्हापासून आत्माराम बिनकागदाचा माणूस म्हणून मिळेल त्या शेडमध्ये गंजक्या लोखंडावर वाळूचा फवारा मारत होता. घरी पत्र का टाकलं नाहीस, असं उपेंद्रने विचारलं. आधी पाठवायला पैसे नव्हते म्हणून लाज वाटली, मग इतके दिवस पत्र नाही याचीच लाज वाटायला लागली, असं तो म्हणाला. उपेंद्रने त्या काळी अबुधाबीतली इस्पितळं आणि तुरुंग पालथे घातले होते. त्याला भयंकर राग आला आणि रडूही आलं. शेवटी त्याने दोन चहा सांगितले.

आत्मारामला आता गावी जायचं होतं. त्या वर्षी सरकारने माफी जाहीर केली होती. बिनकागदाच्या लोकांनी मुदतीत देश सोडला तर दंड नाही, कैद नाही.

"डॉक्टर बोलला, फेफडे खलास," आत्माराम म्हणाला. "दिवाळी काय बघत नाय मी. सटवाजीच्या रानात मरायचंय, उपेन. तेवढं जमव."

जमवतो, असं उपेंद्रने शब्द देऊन टाकला. मग आत्मारामने फाईल बघायला मागितली आणि घोटाळा झाला.

"केव्हा केलंत माझं?" आत्मारामने विचारलं.

गेल्या वर्षी, उपेंद्रने सांगितलं. पोरीचं लग्न जमेना. बाप आहे की नाही ते एकदा स्पष्ट सांगा, असं बघायला येणारे लोक तोंडावर म्हणायचे. बारा वर्षं उलटली होती. भटजींनी शास्त्र सांगितलं. दर्भाचा पुतळा करून नदीवर जाळला आणि रीतसर दहावा घातला. उपेंद्र सुट्टी काढून गेला होता.

"कावळा शिवला?"

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. पण जे झालं तसंच्या तसं लिहून ठेवायची सवय लागलेल्या माणसाला ऐन वेळी खोटं सुचलं नाही. पिंड ठेवला तरी कावळे लिंबावरून हलेनात. धाकट्या भावाने हात जोडून सांगितलं, रानातला तुझा वाटा पोरीच्या नावावर करतो. काही नाही. काकांनी सांगितलं, पोरीचं लग्न आम्ही लावू. तरी नाही. ऊन चढलं, माणसं चुळबूळ करायला लागली, भटजी कंटाळून दर्भाचा कावळा वळायला बसले. तेव्हा बायकांमधून अर्चनावहिनी उठली. नवरा बेपत्ता झाल्यापासून लोकांची बोलणी खात रोज न चुकता कुंकू लावणारी ती बाई पिंडासमोर जाऊन उभी राहिली.

"काय बोलली?"

"दादा, जाऊ दे ना आता."

"बोल."

"म्हणाली, आता नाही आलात तरी चालेल. मी वाट बघायचं सोडलं."

"मग?"

"मग शिवला. लगेच."

आत्मारामला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत उपेंद्र त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिला. बनियनखाली नुसती हाडं लागत होती. मग त्याने घाईघाईने मोबाइल काढला.

"गावी फोन लावतो आत्ता. वहिनीशी बोल. उद्या माफीच्या आउटपासच्या लायनीत उभं राहू, तिकीट माझ्याकडे लागलं. कागदाचं काय एवढं, नवीन काढू."

आत्मारामने मोबाइलवर हात ठेवला.

"मी जाणार आणि महिन्याभरात परत मरणार," तो म्हणाला. "एकदा शिवलाय, उपेन. तिला पुन्यांदा घाटावर उभी नाय करायची."