चालत नाही

श्रीरामपूरच्या लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये विंडोजचा नवा कंप्युटर आला, तसं मालक आदिनाथनं नजर चुकवत रंभाजीकाकांना सांगून टाकलं, "काका, तुमचं ते जुनं डॉसचं सॉफ्टवेअर याच्यावर चालत न्हाई."

चालत होतं. विंडोजमध्येच डॉसची काळी खिडकी उघडली की झालं. पण काकांच्या खुर्चीवर त्याला मेहुण्याला बसवायचं होतं. सहा वर्षं पत्रिकांचा मजकूर जुळवणारे काका नुसतं "बरं" म्हणाले आणि संध्याकाळी डबा उचलून पुणतांब्याच्या एस्टीत बसले. तेव्हापासून स्टँडवरून जाताना आदिनाथची मान आपोआप खाली जायची.

ऐन लग्नसराईत एका गिऱ्हाइकाला थोरलीच्या पत्रिकेचा जुना मजकूर धाकटीसाठी हवा होता. मेहुण्याला तो काही केल्या सापडेना. शेवटी आदिनाथनं त्याला चहा आणायला पिटाळलं आणि चोरासारखी ती काळी खिडकी उघडली. काकांचं सॉफ्टवेअर जुन्या पत्रिकांसकट तिथं आधीच टाकलेलं होतं. यादीत शेवटची फाईल काका गेले त्याच दिवसाची होती. त्यानं ती उघडली.



"मालक, हे यावरही चालतं. तुमच्या मेहुण्यांचं अडू नये म्हणून कुठलं बटण कशाला, ते खाली लिहून ठेवलं आहे."