बावीस वर्षं मागावर

आयरीन सॅगर मुलाखतीच्या खोलीतून हसत बाहेर आली आणि बाकावर बसलेल्या जॅनिस ऑर्मरॉडच्या पोटात दुखायला लागलं.

"कशी झाली गं?" जॅनिसने विचारलं. आयरीन पाठमोरी उभी राहून कोट चढवत होती. तिला ऐकू गेलं नाही. जॅनिसने उठून तिचा दंड धरला, तेव्हा कुठे ती वळली आणि जॅनिसच्या ओठांकडे बघत म्हणाली, "झाली बाई एकदाची! चहासुद्धा पाजला मला."

चहा! बाहेर तासभर ताटकळलेल्या जॅनिसला कोणी बिस्किटही विचारलं नव्हतं.

सैनिकांचे आणि परिचारिकांचे कपडे यापुढे देशातच विणलेल्या कापडाचे असतील, असं सरकारने ठरवलं होतं. त्यासाठी पैसा आला आणि इंग्लंडमधल्या बर्नली गावाच्या वरच्या अंगाची बंद कापडगिरणी पुन्हा उघडली. साठ पोरापोरींना नोकऱ्या मिळाल्या, पण त्यांतल्या एकालाही तुटलेला धागा जोडता येत नव्हता. त्यांना शिकवायला जुनी विणकर हवी होती. एकच.

जॅनिसला ती नोकरी हवी होती. आयरीनला ती मिळू नये, हे तर त्याहून जास्त हवं होतं. दोघी सोळाव्या वर्षी एकाच दिवशी गिरणीत लागल्या होत्या. आयरीनने गिरणी बंद होईपर्यंत कानठळ्या बसवणारे सहा माग सांभाळले. जॅनिसला मात्र दोनच वर्षांत मागावरून उचलून कापडाच्या घड्या घालायला बसवलं. तिथे मोठ्या खिडक्या होत्या, शांतता होती, रेडिओ होता आणि आयरीनवर जळायला भरपूर वेळ होता. अर्जात तिने ठोकून दिलं होतं, बावीस वर्षं मागावर. जुनी कागदपत्रं केव्हाच रद्दीत गेली होती. आयरीन चुगली करणाऱ्यांतली नव्हती, आणि जॅनिसला त्याचाही रागच यायचा.

आत व्यवस्थापक हॉवर्थ बसले होते. पन्नाशीचा, मवाळ चेहऱ्याचा माणूस. अर्ज वाचून खूश झाले.

"बावीस वर्षं! म्हणजे तुम्ही आणि सॅगरबाई अगदी बरोबरीच्या."

बरोबरीच्या! जॅनिसच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तिच्याविरुद्ध मला काही बोलायचं नाही हो," ती म्हणाली, आणि बोलायला लागली. "पण ती ठार बहिरी आहे. उद्या पोरं काही विचारतील आणि ही नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत बसेल. शोभेल का ते?"

"आणि तुमचे कान?"

"माझे? शेजारच्या घरात चमचा पडला तरी मला कळतं! गेल्याच आठवड्यात तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, बाई, विशीतल्या पोरीचे कान आहेत तुमचे." तिने डॉक्टरांचा कागदही टेबलावर ठेवला.

हॉवर्थनी तो कागद सावकाश वाचला. मग तिचा अर्ज पुन्हा ओढून घेतला आणि "बावीस वर्षं" या शब्दांवर बोट ठेवलं.

"माझी आई सतरा वर्षं मागावर होती," ते म्हणाले. "घरात मी तिला कधी हाक मारली नाही, ऑर्मरॉडबाई. जवळ जाऊन तिचा ॲप्रन ओढायचो."