सोमवारचा आवाज

लाउडस्पीकरमधून हॉलिस टॉलिव्हरने श्वास घेतला, तसा एझ्रा बॅस्किन खुर्चीतून उठला.

नऊ वर्षं तो टॉलिव्हरच्या शेजारी बसला होता. सोलोच्या आधीचा तो ओढून घेतलेला, किंचित घरघरणारा श्वास त्याने झोपेतही ओळखला असता. त्याने ट्रंपेट ओठांना लावलं, गाल फुगवले, कळांवर बोटं नाचवली. फुंकर मात्र मारली नाही. वाजवत होता तो टॉलिव्हर.

बँडमास्तर पेटवेच्या बँडने आवाज सोमवारीच भरून दिला होता. आज शुक्रवारी, ब्रॉन्क्समधल्या स्टुडिओत, त्या आवाजाबरोबर वाजवल्यासारखं करायचं आणि कॅमेऱ्याने ते टिपायचं, एवढंच काम होतं. तीन मिनिटांचा सिनेमा. बारमधल्या पेटीत नाणं टाकलं की पडद्यावर दिसणारा. पण मधल्या बुधवारी टॉलिव्हर हार्लेममधल्या आपल्या घराचा जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर टेकला, तो उठलाच नाही.

"कट!" दिग्दर्शक हॅनिगन ओरडला. "बोटं मागे पडतायत. अरे, वाजवायचंसुद्धा नाहीये तुला!"

"बॅस्किन," मागून ड्रमवाला पीवी म्हणाला, "नऊ वर्षं त्या खुर्चीवर डोळा होता ना तुझा? बस आता!"

दोघंतिघं हसले आणि लगेच गप्प झाले. मागे, तारांच्या वेटोळ्यांपलीकडच्या बाकावर टॉलिव्हरची बायको बसली होती. काळी टोपी, काळे हातमोजे. ती का आली आहे, हे विचारायची कोणाची छाती झाली नव्हती.

दिवे सारखे करायला पाच मिनिटं लागणार होती. एझ्रा तिच्याजवळ गेला.

"व्हर्लीन, कशाला आलीस? उगाच त्रास होईल."

"उद्या सकाळच्या गाडीने त्याला अलाबामाला नेतेय. त्याच्या आईकडे." ती हातमोज्याचं एकेक बोट ओढत होती. "तिकडे कुठली आलीय ही पेटी? आमच्या रस्त्यावर अजून वीज नाही. आणि तुम्ही लोकांनी इतक्या रेकॉर्ड काढल्या, एकीत तरी त्याला सोलो दिला का रे?"

एझ्राने नाही म्हणून मान हलवली.

"सोमवारी घरी येऊन म्हणाला, आज दिला. एवढाच काय तो आहे." तिने वर पाहिलं. "मघाशी तू चुकलास, म्हणून आता मला तो दुसऱ्यांदा ऐकायला मिळेल. अजून एकदा चुकशील?"

एझ्रा चुकला. एकदा उशिरा उठला. एकदा सरळ कॅमेऱ्यात बघितलं. दर वेळी तबकडी मागे घेतली जायची, दर वेळी टॉलिव्हर तोच श्वास घ्यायचा आणि व्हर्लीन डोळे मिटून थोडी पुढे झुकायची.

"दुसरा कोणीतरी उभा करा!" हॅनिगनने हातातला कागद फेकला. "या माणसाला जमत नाहीये."

पांढऱ्या केसांचा पेटवे बॅटनची छडी हातात घेऊन एझ्रापाशी आला. "काय चाललंय?"

"ओठ दुखतायत, कॅप."

"न वाजवता?" पेटवेने त्याच्या नजरेमागोमाग बाकाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हॅनिगनकडे वळून मोठ्याने म्हणाला, "साहेब, चूक माझी आहे. मीच इशारा आधी देतोय. परत घ्या."

पुढच्या वेळी सोलो संपता संपता पेटवेचा बॅटन खाली पडला. त्याच्या पुढच्या वेळी पीवीच्या हातून काठी सुटली, आणि काठी सुटणाऱ्यांतला पीवी नव्हता. हॅनिगनने डोकं धरलं. बँडमधला एकही माणूस हसला नाही. सगळे आपापल्या वाद्याकडे बघत बसले होते.

बाकावरून व्हर्लीन उठली.

"पुरे," ती म्हणाली. "आता नीट करा. धाप लागलीय त्याला."

एझ्रालाही तसंच वाटत होतं. तबकडी तीच होती, पण मघापासून प्रत्येक श्वास आधीच्यापेक्षा जड येत होता.

या वेळी कोणी चुकलं नाही. टॉलिव्हरने श्वास घेतला आणि एझ्राची छाती आपोआप भरली. बोटं सुरागणिक अचूक पडली. त्याची स्वतःची जुनी खुर्ची डावीकडे होती. ती कॅमेऱ्यात येत नव्हती, म्हणून तशीच रिकामी ठेवली होती. तिच्यावर बसून कोणीतरी लक्षपूर्वक ऐकतंय असं त्याला सारखं वाटत होतं. त्याने मान वळवली नाही.

"झकास!" हॅनिगन म्हणाला. "हेच मघाशी का नाही केलं?"

दिवे विझले. माणसं वाद्यं पेटीत भरू लागली. ऑफिसातली एक मुलगी यादी घेऊन फिरत होती. ती नवीनच असावी. एझ्रापाशी येऊन तिने विचारलं, "सोलोवाल्याचं नाव?"

एझ्राने घाम पुसला. चार लोकांत सोलोवाला म्हणून आपलं नाव लिहिलं जावं, यासाठी त्याने नऊ वर्षं काढली होती.

"हॉलिस टॉलिव्हर," तो म्हणाला.

मुलीने अक्षरं विचारून घेतली, नीट लिहिली, आणि जाता जाता हसून जरा मोठ्याने म्हणाली, "सुरेख वाजवलंत हं, मिस्टर टॉलिव्हर!"

दाराशी कोटाची बटणं लावत उभी असलेली व्हर्लीन चटकन मागे वळली.