विहारातला नवस

गौरांगला व्हेंटिलेटरवर ठेवून नऊ दिवस झाले. डॉक्टर आता नुसतं वर बोट दाखवत होते. कोराडीच्या देवीची ओटी भरून झाली, टेकडीच्या गणपतीला नवस बोलून झाला. आज यमुताई नारळ घेऊन शेजारच्या रंभाबाईंच्या मागोमाग बुद्धविहारात आल्या.

“माझ्या लेकासाठी तुमच्या देवाला काय बोलू, सांगा.”

रंभाबाईंनी नारळ हलकेच मागे सारला. “तो देव नाही, ताई. नवस नाही घेत. तो रस्ता सांगते, चालाचं आपल्यालेच.”

“मग मागच्या वर्षी तुमचा सम्यक गेला, त्याच्या आधी तुम्ही कोणापुढे पदर पसरलात?”

रंभाबाईंनी दाराकडे पाहिलं. कोणी नव्हतं.

“कोराडीच्या देवीपुढे,” त्या पुटपुटल्या. “घरी अजून कोणाले माहीत नाही.”