कोरडी चकती

देवमन हातोडी आणायला आत गेला आणि उकंडरावांनी चकतीवरून बोट फिरवलं.

चकती नवी होती, तळहाताएवढी. ट्रॅक्टरचा क्लच गोठ्यापुढं पोत्यावर उघडा पडला होता: लांब दांडा, दोन पोलादी ताटल्या, एक जाड स्प्रिंग, आणि ताटल्यांच्या मधे बसणारी ही चकती. ट्रॅक्टर संत्र्याच्या दोन ओळींमधून जाईल एवढाच. जुना, विलायती, पेट्रोलवर चालणारा, उंचीनं बैलापेक्षाही कमी.

"कोरडी ठाक हाय," उकंडराव पुटपुटले. बैलगाडीखाली टांगलेलं वंगणाचं नळकांडं त्यांनी काढलं, दोन बोटं भरली आणि चकतीला दोन्ही अंगांनी नीट चोळलं. मग धोतराच्या सोग्यानं वरवर पुसून होती तिथं ठेवली.

ललिता ओट्यावर पोरीच्या टाळूत तेल जिरवत बसली होती. तिनं ते पाहिलं. तिला बरंच वाटलं. ट्रॅक्टर दारात आल्यापासून सासऱ्यांनी त्याला आज पहिल्यांदा हात लावला होता.

देवमन आला. बापलेकांनी चकती ताटल्यांमधे बसवली आणि पहार घालून स्प्रिंग दाबायला घेतली. ललिता पोरीला छातीशी धरून उभी राहिली.

"मामाजी, तोंड बाजूला करा! सुटली तर डोळ्यात जाईल ती."

"जाऊ दे वं. मिशाच तं जातीन."

स्प्रिंग अडवणारी पिन आत गेली. देवमननं कपाळ पुसलं. आज ट्रॅक्टर चालला नाही तर उद्या रिसोडचा भंगारवाला तो उचलून नेणार होता. निरोप देवमननंच धाडला होता. दोनदा खोलून दोनदा जोडला होता त्यानं. आता देवमनमध्येच दम उरला नव्हता.

दांडा जागेवर बसला. इंजिन सुरू झालं. देवमननं पायाखालचा क्लच हळूहळू सोडला. इंजिन घुरघुरलं, आतून करपट वास आला, चाकं मात्र तसूभर हलली नाहीत.

"जेवाले बसलेल्या पाव्हण्यावानी करून राह्यला हा," उकंडराव म्हणाले. "घुरघुर लय, उठनं नाई."

देवमन हसला नाही. त्यानं इंजिन बंद केलं, पुन्हा सगळं उघडलं. चकतीवर बोट ओढलं आणि उन्हात धरलं. बोट चमकलं.

"हिले तेल कोनं लावलं?"

त्यानं बोट दोघांपुढं धरलं.

"तेल लागलं की घसरते हे. धरतच नाई. काल कायले रिठदहून वाशीमले गेलो मी? कोरडी पाह्यजे म्हनून तं नवी आनली!"

उकंडरावांचा हात धोतराच्या सोग्यात गेला आणि तिथंच राहिला. मान खाली.

"मी लावलं," ललिता म्हणाली. "म्हणजे लावलं नाही, हात लागला. पोरीला तेल लावत होते ना. म्हटलं, बघावं काय आहे."

देवमननं आपल्या बोटाकडे पाहिलं. बोट वंगणानं काळंकुट्ट झालं होतं. मग त्यानं तिच्याकडे पाहिलं. ललितानं नजर हलवली नाही.

"बी.ए.ले हे शिकवत नाईत काय?"

"मला इतिहास होता."

त्यानं बोट पोत्याला पुसलं. "काचकागद पाह्य कुठी हाय. मी टाकीतून पेट्रोल काढतो."

पेट्रोल म्हटल्याबरोबर ललिता आधी आत गेली आणि चुलीतल्या निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतून आली. चूल पार मागच्या खोलीत होती. तरीही.

देवमननं चकती धुतली, ताटल्या पुसल्या, काचकागदानं घासल्या, पुन्हा धुतल्या. उकंडराव दोन हात लांब उकिडवे बसून बघत होते.

"मंजे एकमेकाले घासल्याबिगर हे धरतच नाई?"

"नाई बाबा."

"मंग आपल्या घरातलंच हाय."

देवमनला हसू आवरलं नाही.

या खेपेला स्प्रिंग दाबताना उकंडरावांनी आपणहून तोंड बाजूला केलं. पिन बसली. इंजिन सुरू झालं. देवमननं क्लच सोडायला घेतला, सोडत आणला, आणि ट्रॅक्टरनं एक हिसका दिला. मग चाकं फिरली. तो कुंपणाच्या फटीतून बागेत शिरला, मागचा फाळ मातीत उतरला, आणि संत्र्याच्या पहिल्या ओळीतली जमीन काळी होत गेली.

पोर रडायला लागली तेव्हा ललिताला कळलं, आपण तिला किती आवळून धरलंय.

"रिसोडले निरोप धाडा कोनी तरी!" देवमन इंजिनाच्या आवाजावरून ओरडला. "म्हना, येऊ नोको!"

उकंडराव बागेकडे गेले नाहीत. ते हौदाशी बसून ओल्या मातीनं हात घासत होते. पेरापेरात, नखांत, कोपरापर्यंत. धुतले, उन्हात धरून पाहिले, पुन्हा घासले. मग ओट्यापाशी आले.

"आन पोरीले."

ललितानं पोर दिली. त्यांनी तिच्या टाळूवर नाक टेकलं आणि एक लांब श्वास घेतला.

"खोबरेल," ते म्हणाले.

ललिता उगाच पदर सारखा करू लागली.

त्यांनी नातीला खांद्यावर घेतलं आणि नांगरलेल्या ओळीतून चालू लागले. ढेकळं अजून ओली होती, पाय रुतत होते.

"चाल वं बाई," ते नातीला सांगत होते, "तुह्या बापाचा बैल पाहू."